पाणी तापलं, पण खर्च कोणी उचलला?

सातपुड्याचा घाट उतरून नागपूरच्या मैदानाकडे ढळत जाणारा सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत 'जेरघाट' म्हणून येतो. घाटावरचं छिंदवाडा वेगळं, घाटाखालचं सौंसर वेगळं. खाली काळी जमीन, कापूस, पुढे संत्री, आणि घरात मराठी. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३मध्ये याच दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. या पट्ट्याच्या इतिहासात कापूस, जाम नदी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दगडफेकीची गोटमार यांना जागा मिळते. घरात रोज सकाळी आंघोळीचं पाणी तापवायला काय जळलं, किती जळलं आणि त्याचा भार कोणावर पडला, हे मात्र कोणी विचारत नाही. तो प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. चूल, बंब, विजेचा रॉड, गॅस, सौर पेटी अशा क्रमाने आपण पायरीपायरीने शहाणे होत आलो, असं सहज मानलं जातं. पण हिशेब मांडला की वेगळं दिसतं. पुष्कळ वेळा वाया जाणारी उष्णता कमी झालीच नाही. ती घराच्या परसातून उठून दुसऱ्याच्या परसात गेली.

आधी पाण्यालाच किती उष्णता लागते ते पाहू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१८६ किलोज्यूल लागतात. भांडं कोणतंही असो, इंधन कोणतंही असो, यात सवलत नाही. पण सुरुवातीचं पाणी किती गार आहे, यावर पुढचा सगळा खर्च ठरतो, आणि नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान हवेच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास राहतं. या भागात ते साधारण २६ अंश धरायला हरकत नाही. पौषातल्या पहाटे बाहेर हवा १० अंशांच्या घरात असताना विहिरीतून नुकतं शेंदलेलं पाणी म्हणूनच कोमट लागतं. वीस लिटरची बादली २६ वरून ४२ अंशांवर न्यायला सुमारे १.३४ मेगाज्यूल पुरतात. तेच पाणी रात्रभर गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीत राहून १५ अंशांपर्यंत उतरलं, तर २.२६ मेगाज्यूल लागतात. म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. नळ आणि टाकी आल्यामुळे बायकांच्या खांद्या-कमरेवरचं ओझं उतरलं, ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती उलटी फिरवावी असं कोणीही म्हणणार नाही. पण पृथ्वीने फुकट दिलेली अकरा अंशांची ऊब आपण गच्चीवर सांडली आणि ती भरून काढायला इंधन जाळू लागलो, हेही त्याच बदलाचं फळ आहे. यंत्राच्या कार्यक्षमतेच्या कोणत्याही तक्त्यात हा तोटा दिसत नाही, कारण तो यंत्राच्या आधीच होऊन गेलेला असतो.

आता चूल. तीन दगडांची किंवा मातीची साधी चूल लाकडातल्या उष्णतेपैकी दहा ते पंधरा टक्केच भांड्यात पोचवते. बाकीची भिंतीत, हवेत आणि धुरात जाते. त्यामुळे टाकीच्या पाण्याच्या एका बादलीला सव्वा किलोच्या आसपास वाळलेलं लाकूड लागतं, विहिरीच्या पाण्याला पाऊण किलोच्या आत भागतं. हे आकडे पाहून चुलीला उधळी म्हणणं सोपं आहे. पण जुन्या घरात पाणी सहसा वेगळ्या जाळावर तापतच नसे. भाकरी तव्यावर असताना मागच्या वैलावर गुंड किंवा घंगाळ ठेवलेलं असे, आणि भाकरीपासून निसटलेली आच त्या पाण्याला लागे. तिथे पाण्यासाठी जवळजवळ वेगळं जळण नव्हतंच. खरा खर्च व्हायचा तो खास प्रसंगी: दिवाळीच्या अभ्यंगाला, बाळंतिणीच्या सवा महिन्याच्या न्हाण्याला, लग्नघरच्या चुलवणावर. हे जळणही कसलं होतं ते पाहिलं पाहिजे. मालगुजारी गावात रयतेला जंगलातून सरपण, काटे, बांबू घेण्याचा निस्तार हक्क असे आणि तो वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रूढी-हक्कांच्या नोंदपत्रात, नोंदलेला असे. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५९च्या जमीन महसूल संहितेने निस्तारपत्रकाची तरतूद केली. पण मधल्या काळात राखीव जंगलाची हद्द पक्की होत गेली आणि गावालगतचं झाड विरळ होत गेलं, तसतशी लाकडाची जागा शेताने घेतली. कापूस वेचून झाला की उभी राहणारी पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, संत्र्याच्या बागेत काढलेली सल, गोवऱ्या. पऱ्हाटी हेक्टरी दोन-तीन टन निघते आणि वाळली की तिच्यात लाकडाएवढीच उष्णता असते. फक्त ती भरभर जळते, सतत पुढे सारावी लागते, आणि म्हणून भाजी-भाकरीपेक्षा पाणी तापवायला अधिक सोयीची. हलकं जळण हलक्या कामाला, चांगलं लाकूड स्वयंपाकाला, अशी विभागणी घराघरांत होती. आंघोळीच्या पाण्याला फार तर चाळीस-पंचेचाळीस अंश लागतात. त्यासाठी सागवान जाळणं हे जुन्या माणसांना वेडेपणाचं वाटलं असतं, आणि ते त्यांचं बरोबर होतं.

या विभागणीला साजेसं यंत्र म्हणजे तांब्याचा बंब. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी त्याच्या घडणीसाठी प्रसिद्ध, आणि देशावरून विदर्भापर्यंत मराठी घरांत तो पोचला. उभा तांब्याचा नळकांडा, मधोमध खालून वरपर्यंत गेलेली जाळाची नळी, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची जागा. साध्या चुलीवर जाळ भांड्याच्या फक्त बुडाला लागतो आणि बाजूने निसटतो. बंबात जाळ पाण्याच्या पोटातून जातो, निसटायला त्याला चहूकडून पाण्याची भिंत ओलांडावी लागते. नळी उंच असल्यामुळे तीच धुराडं होते, ओढ चांगली लागते आणि काटक्याही झणझणीत पेटतात. अनेक बंबांत वरच्या नरसाळ्यातून ओतलेलं गार पाणी नळीने तळाशी जातं आणि वर साचलेलं कढत पाणी तोटीने बाहेर पडतं. एक तांब्या गार घातल्याशिवाय एक तांब्या गरम मिळत नाही. यात दोन गोष्टी साधतात: बंब कधी रिकामा तापत नाही, म्हणून जोड सुटत नाहीत, आणि गरम-गार पाणी एकमेकांत मिसळत नाही, म्हणून पहिल्यापासून शेवटच्या माणसापर्यंत पाणी पुरेसं कढत मिळतं. साठवणीच्या विजेच्या हीटरातही गार पाणी खालून आणि गरम वरून, हीच रचना असते. आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. चिंच आणि राख लावून बंब लखलखीत घासण्याची जी शिस्त होती, तिला आपण केवळ गृहिणीची हौस समजतो. पण चकचकीत तांब्यातून उष्णतेचं प्रारण अगदी थोडं होतं आणि काळवंडलेल्या तांब्यातून कितीतरी जास्त, हे भौतिकशास्त्र आहे. बाहेरून चकचकीत बंब ही उष्णता आतच ठेवण्याची चांगली अवस्था आहे. जाळ विझल्यावरही निखारे नळीखाली धुमसत राहतात आणि पाणी दुपारपर्यंत कोमट असतं. रचनेवरून अंदाज बांधला तर नीट चालवलेला बंब साध्या चुलीच्या अडीच-तीन पट काम देत असला पाहिजे. म्हणजे बादलीला चारशे-पाचशे ग्रॅम काटक्या. लंडनमध्ये बेंजामिन मॉन याने १८६८ साली गॅसवर चालणारा पाणी तापवणारा यंत्रसंच बनवला आणि १८८९मध्ये अमेरिकेत एडविन रूड याने आपोआप चालणारा साठवणीचा हीटर आणला. तंत्राच्या इतिहासात ही नावं येतात, यायलाच हवीत. तांबटांची नावं येत नाहीत. त्यांच्या बंबाची कार्यक्षमता मोजून ठेवावी असंही फारसं कुणाला सुचल्याचं दिसत नाही.

बंबाची थोरवी सांगताना एक आक्षेप आधीच मान्य केला पाहिजे: तो सगळ्यांचा नव्हता. तांबं महाग. बंब ही तालेवार घरची, वाड्यातली वस्तू. अडचणीत मोडीत घालता येईल अशी ठेव. मजुराच्या घरी मडकं, पुढे रॉकेलचा रिकामा पत्र्याचा डबा, आणि खाली तीन दगड. म्हणजे चांगलं यंत्र ज्याच्याकडे जळण विकत घेण्याची ऐपत होती त्याच्याकडे, आणि जी बाई जंगलातून मोळी डोक्यावर आणत होती तिच्या वाट्याला सर्वांत उधळं यंत्र. गरिबाच्या घरात पाण्याला जास्त इंधन लागतं ते अडाणीपणामुळे नव्हे. कार्यक्षमता विकत घ्यावी लागते, आणि तिची किंमत एकदम, आधी, रोख द्यावी लागते. ज्याला हे आज विजेच्या किंवा सौर यंत्राबद्दल दिसतं, त्याने ते तांब्याच्या बंबाबद्दलही पाहावं.

ही दरी भरण्याचं काम सार्वजनिक प्रयत्नांनी करायला हवं होतं, आणि सुरुवात या पट्ट्यापासून फार लांब झाली नव्हती. वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कामातून, १९४०च्या दशकात धुराडं असलेली मगन चूल पुढे आली. १९८३मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२मध्ये तो आवरला तोपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक निर्धूर चुली बसल्याची नोंद झाली. त्यातल्या पुष्कळशा थोड्याच वर्षांत मोडल्या किंवा तशाच पडून राहिल्या, याची कारणं पुष्कळांनी लिहिली आहेत: अनुदानासाठी बांधकाम, देखभालीला कोणी नाही, धुराडी तुंबलेली. माझा मुद्दा त्याहून वेगळा आहे. या सगळ्या खटाटोपात 'चूल' म्हणजे स्वयंपाक, एवढंच धरलं गेलं. चाचणी भांड्यातल्या पाण्याला उकळी आणून झाली खरी, पण ते पाणी फक्त मोजमापाचं साधन होतं. घरात रोज पाच-सहा बादल्या पाणी तापवणं हे स्वतंत्र काम आहे, त्याला वेगळी जागा, वेगळी वेळ, वेगळं जळण लागतं, हे फारसं कोणी लक्षात घेतलं नाही. सुधारित चूल आत आली आणि पाण्याची तीन दगडांची चूल मागच्या अंगणात होती तशीच राहिली. स्वस्तातला, पत्र्याचा, धुराडं असलेला, काटक्यांवर चालणारा बंब गावोगाव देण्याचा कार्यक्रम निघाला असता, तर सरपणाची बचत कदाचित स्वयंपाकाच्या चुलीपेक्षा लवकर दिसली असती. पाण्याला ना चवीचा प्रश्न, ना भाकरी फुगण्याचा. बाईने नवं यंत्र नाकारण्याची निम्मी कारणं तिथे नव्हतीच.

मग वीज आली. या पट्ट्याचा बाजार नागपूरचा, पण तारा जबलपूरच्या विद्युत मंडळाच्या. घाटापलीकडे बैतूल जिल्ह्यात सारणीला सातपुडा औष्णिक केंद्राचा पहिला संच १९६७मध्ये चालू झाला. पाथाखेड्याचा कोळसा तिथे जळू लागला. छिंदवाड्याच्याच पेंच खोऱ्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कोळसा निघत होता. बादलीत रॉड टाकला की थोड्या वेळात पाणी तापतं, धूर नाही, राख नाही. आणि रॉडमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज पाण्यातच उतरते. घराच्या उंबरठ्यापर्यंतच पाहिलं तर याहून कार्यक्षम साधन क्वचितच सापडेल. पण ती वीज बनताना जुन्या कोळशाच्या संचात उष्णतेपैकी तीस टक्क्यांच्या आसपासच विजेत उतरत होती, बाकीची शीतकरणाच्या मनोऱ्यांतून आणि धुराड्यातून गेली. वाटेत तारांमध्ये पाचवा हिस्सा गळला असं धरलं, आणि मध्य प्रदेशात अनेक वर्षं ही गळती याहून बरीच जास्त होती, तर टाकीच्या गार पाण्याच्या एका बादलीमागे सारणीत अर्धा किलोहून थोडा अधिक कोळसा जळत असे. हा आकडा बंबाच्या काटक्यांशेजारी ठेवून पाहा. वजनाने दोन्ही जवळपास सारखे. एक जळण शेतात दरवर्षी पुन्हा उगवतं, दुसरं खाणीतून एकदाच निघतं. म्हणजे बंब जाऊन रॉड आला तेव्हा ऊर्जेच्या दृष्टीने प्रगती झाली असं म्हणायला आधार नाही. झाला तो सोयीचा आणि स्वच्छतेचा फायदा, आणि त्याची राख सारणीच्या शिवारात साठली.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप येतो तो धुराचा, आणि त्याला उडवाउडवीचं उत्तर देणं अन्यायाचं ठरेल. काडीकचऱ्याच्या धुरातले बारीक कण फुप्फुसात खोल जातात. चुलीपाशी आयुष्य घालवलेल्या बायकांचा दमा आणि खोकला यांची किंमत कोणत्याही मेगाज्यूलमध्ये मांडता येत नाही. बंद न्हाणीत निखारा धुमसत ठेवला तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो. गॅसच्या गिझरानेही बंद बाथरूममध्ये असे जीव घेतले आहेत. म्हणून बंबाची कार्यक्षमता मान्य करणं म्हणजे बंबाकडे परत चला म्हणणं नव्हे. पण धूर हा जळणाचा गुण नाही, अर्धवट जळण्याचा गुण आहे; तोही उघड्या अंगणात, उंच धुराड्याने आणि वाळल्या काटक्यांनी पुष्कळ कमी होतो. दुसरा आक्षेप शेतीचा. पऱ्हाटीची गंजी घराशेजारी रचून ठेवली तर तिच्यातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून राहते आणि पुढच्या हंगामात शेतात उतरते; म्हणून गंज्या ठेवू नका असा सल्ला कापूस शास्त्रज्ञ देतात. पऱ्हाटी बारीक करून जमिनीत घातली तर मातीला सेंद्रिय खाद्य मिळतं, हेही खरं. हा आक्षेप मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो, कारण 'टाकाऊ' जळण टाकाऊ उरलं नाही असा त्याचा अर्थ आहे. त्यातून एवढंच निघतं की पऱ्हाटी जाळायची तर बोंडं झाडून, तुकडे करून, उन्हाळ्याच्या आत संपवली पाहिजे. वर्षभराचा साठा आता परवडणार नाही.

गॅसने हा प्रश्न सोडवला असं सरकारी आकड्यांवरून वाटेल. मे २०१६मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सिलिंडर गावोगाव पोचला. शेगडीवर पातेल्यात पाणी तापवताना साठ टक्के उष्णता कामी आली असं धरलं तर टाकीच्या पाण्याच्या बादलीला सुमारे ८२ ग्रॅम गॅस लागतो. पाच माणसांच्या घरात रोज पाच बादल्या म्हणजे ४१० ग्रॅम, १४.२ किलोचं सिलिंडर केवळ आंघोळीवर पस्तीस दिवसांत संपेल. इंधन म्हणून गॅस चूल, बंब, रॉड या तिघांपेक्षा कार्यक्षम आहे, यात वाद नाही. पण ज्या घरात एक सिलिंडर दोन-तीन महिने पुरवून वापरायचं असतं, तिथे ते पाण्याला कोण लावणार? म्हणून देशभर दिसतं तेच इथे घडणं स्वाभाविक आहे: भाजी गॅसवर, पाणी अंगणातल्या चुलीवर. याला मागासपणा म्हणणाऱ्यांनी वरचा हिशेब एकदा स्वतः करावा. लाकडाचा धूर घरातून जावा अशी इच्छा असेल तर आंघोळीचं पाणी मोजल्याशिवाय ती पुरी होणार नाही.

आणि शेवटी ऊन. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प याने १८९१मध्ये सूर्यावर पाणी तापवणारी पेटी विकायला काढली. आपल्याकडे साध्या चपट्या पेटीपासून काचेच्या निर्वात नळ्यांपर्यंत तंत्र केव्हाच आलं. या भागात डिसेंबर-जानेवारीत आकाश बहुतेक निरभ्र असतं, म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच ऊनही चांगलं मिळतं. पावसाळ्यातले ढगाळ आठवडे सोडले तर शंभर लिटरची पेटी एका कुटुंबाला पुरते. छपरावर पडलेल्या उन्हापैकी निम्म्याच्या आसपास ती पाण्यात उतरवते. तेवढ्याच जागेतलं सौर विजेचं तावदान पाचवा हिस्सा विजेत उतरवतं आणि मग ती रॉडमध्ये घालायची. तरीही २०१४मध्ये घरगुती सौर पाणीतापकांचं केंद्राचं अनुदान थांबलं आणि २०२४च्या सूर्यघर योजनेने मोठं अनुदान दिलं ते तावदानांना. याला एक प्रामाणिक समर्थन आहे: मार्चपासून जूनपर्यंत इथे गरम पाणी कोणालाच नको असतं, पाणी तापवायची पेटी तेव्हा निरुपयोगी बसते, तर वीज बारा महिने कामाला येते, पंखा-कूलर तिच्यावरच चालतात. पक्क्या गच्चीच्या, वीजबिल भरू शकणाऱ्या घरासाठी हे समर्थन मला पटतं. पण कवेलूच्या छपराला ना शंभर लिटर पाण्याचं वजन पेलतं, ना तावदानाचा सांगाडा. आणि काळ्या दगडातलं इथलं पाणी जड, नळ्यांत क्षार बसतो तो काढायला गावात कोणी नाही. त्या घरासाठी आजही जे वेगाने बदलता येईल ते अंगणातलं तीन दगडांचं ठिकाण आहे. झाकण असलेली बादली, रात्री टाकीत न भरता पहाटे थेट विहिरीवरून किंवा बोअरमधून घेतलेलं पाणी, आणि धुराडं लावलेला पत्र्याचा बंब, एवढ्याने त्या घरचं सरपण निम्म्याहून खाली येतं. नव्या जिल्ह्याच्या कोणत्याही ऊर्जा आराखड्यात 'स्वयंपाक' आणि 'दिवाबत्ती' यांच्याशेजारी 'आंघोळीचं पाणी' असा तिसरा रकाना हवा, आणि त्या रकान्यात विहिरीच्या पाण्याचं तापमान पहिल्या ओळीत.